लाल टोपणाची सिरिंज

मला टाइप १ मधुमेह आहे. दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर मोजतो, मोबाईलमधलं अँड्रॉइडएपीएस हे अ‍ॅप पुढचा अंदाज बांधतं आणि पंपाला इन्सुलिन कमी-जास्त करायला लावतं. ही जुळणी कुठल्या कंपनीनं करून दिलेली नाही, माझी मी केली आहे. अमेरिकेत स्वतः टाइप १ असलेल्या डॅना लुईस यांनी २०१५मध्ये अशा यंत्रणेची रचना सगळ्यांसाठी खुली केली. न्यूझीलंडमधल्या ९७ जणांच्या चाचणीचे निकाल २०२२मध्ये आले. अशी यंत्रणा वापरणाऱ्यांची साखर ती न वापरणाऱ्या गटापेक्षा दिवसाला तीन तासांहून जास्त वेळ मर्यादेत राहिली. तेव्हा हा काही रिकामा उद्योग नाही.

पण अंजनगावात मे महिन्यात सावली असते ती पानमळ्यात, लग्नाच्या मांडवात नाही. तिथल्या एका लग्नात घामानं पोटावरची पट्टी सुटली आणि कॅन्युला, म्हणजे इन्सुलिन आत नेणारी बारीक नळी, बाहेर आली. नळी तुंबली तर पंप ओरडतो, गळती त्याला कळत नाही. साखर साडेतीनशेवर गेली तशी यंत्रणा आणखी इन्सुलिन सोडत राहिली आणि ते सगळं लुगड्यात मुरलं. मोबाईलवर मात्र ते ‘शरीरात’ दिसत होतं. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. पुरवठा तुटला की काही तासांतच रक्तात कीटोन, म्हणजे घातक आम्लं, चढू लागतात.

“काहून वं पोरी, मोबाईलच्या भरोशावर बसली?” आत्या म्हणाली. भाचा मेडिकलमधून धावत सिरिंज घेऊन आला. टोपण लाल. म्हणजे यू-४० ची. पंपातलं इन्सुलिन यू-१००, त्याला नारिंगी टोपणाची लागते. लाल सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढलं असतं, तर अंगात २५ युनिट गेली असती. मी घरून इन्सुलिनचा पेन मागवला.

पेननं घेतलेलं इन्सुलिन मोबाईलला आपोआप कळत नाही आणि वाया गेलेलं तो शरीरात गेलं म्हणून धरतो. दोन्हीकडून हिशेब चुकलेला. म्हणून त्या दिवशी लूप, म्हणजे मोबाईलनं आपोआप पंप चालवणं, बंद ठेवलं, बोटातून रक्त काढून ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, नवी कॅन्युला बसवली आणि कीटोन तपासत राहिले.

माझे डॉक्टर म्हणतात, “तुमच्या जबाबदारीवर वापरा.” मला हे पटतं आणि खटकतंही. निर्णय माझा, हे बरोबर. पण आकडे त्यांनी पाहायलाच हवेत, म्हणून दर भेटीत मी ते त्यांच्यासमोर ठेवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही मे २०१९मध्ये एका रुग्णाला जादा इन्सुलिन गेल्यावर अशा विनामंजुरी जोडण्यांबद्दल इशारा दिला होता.

कुशीवर झोपल्यावर सेन्सर दाबला जातो आणि खोटी कमी साखर दाखवतो, हेही ध्यानात असू द्या. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर तयार अ‍ॅप पाठवलं तर टाकू नका. अँड्रॉइडएपीएस ज्याचं त्यानं बांधायचं असतं आणि त्यातले टप्पे ओलांडल्याशिवाय पूर्ण लूप सुरू होत नाही. त्याला वेळ लागतो, लागू द्या. पिशवीत पेन, कीटोनपट्ट्या, ग्लुकोमीटर आणि खायला साखर ठेवा. लूप कसं बंद करायचं, ते घरातल्या एकाला तरी आजच दाखवून ठेवा.