सांडपाण्याचं गणित आणि किनाऱ्यावरची गावं

एन्व्हायर्नमेंटलच्या पेपरात एक गणित हमखास येतं. लोकसंख्या २०,०००, पाणी माणशी रोज १३५ लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरा. उत्तर, रोज २१.६ लाख लिटर. मार्क खिशात! फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी हेच गणित मी मालवण, वेंगुर्ल्यासारख्या गावांना लावायला घेतलं (२०११च्या जनगणनेत दोन्ही वीस हजारांच्या आतली) आणि एकेक आकडा अडायला लागला.

आधी ते ८० टक्के. कोकणात न्हाणीघराचं पाणी परसातल्या माडाला नाहीतर केळीला जातं. तेवढं पाणी गटारात येणारच नाही. मग लोकसंख्या. मे महिन्यात पर्यटक, गणपतीत मुंबईचे चाकरमानी. त्यातही गणपती येतात पावसाळ्यात. तेव्हा विहिरी काठोकाठ असतात आणि भूजल पाइपच्या सांध्यांतून, मॅनहोलमधून आत शिरतं. म्हणजे माणसं आणि पाऊस, दोन्हींचा भार एकदम! प्लँटमधले जिवाणू अशा लोंढ्यात धुऊन जातात. सरासरी काढून डिझाइन केलं, तर ते वर्षातले कितीसे दिवस बरोबर ठरेल?

खरी मेख मात्र पाइपात आहे. मैला तळाला बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग लागतो. १५० मिलिमीटरच्या पाइपाला मॅनिंगचं सूत्र लावून बघा, उतार साधारण २०० ला १ येतो. सपाट किनाऱ्यावर एक किलोमीटर गेलात की पाइप ५ मीटर खोल! तिथे वाळू आणि पाणी. खोदाई करताना अखंड उपसा करायचा, शिवाय दर थोड्या अंतरावर पंपिंग स्टेशन. त्यात खारं पाणी झिरपलं की त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड होतो, त्याचं पाइपाच्या छतावर सल्फ्युरिक ॲसिड होतं आणि ते काँक्रीट खातं.

मग आहे तेच चालू दे म्हणावं, तर जांभा दगड सच्छिद्र. शोषखड्ड्यातलं पाणी पुरेसं गाळलं न जाता त्याच वाडीतल्या विहिरीत पोचू शकतं, आणि ती विहीर पिण्याची असते. उरलेलं व्हाळातून समुद्रात. मालवणला तर १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे प्रवाळ आहेत.

माझं मत असं, की घरोघरची सेप्टिक टाकी ठेवावी, पण तळासकट पक्की बांधावी. मैला टाकीतच राहील आणि फक्त वरचं पाणी बारीक प्लास्टिक पाइपांनी न्यायचं. त्याला एवढा उतार लागत नाही. साठलेला मैला दोन-तीन वर्षांनी टँकरने उपसून वेगळा प्रक्रिया करायचा. कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ साली गावासाठी असं मैला-प्रक्रिया केंद्र सुरू झालं. आपल्याकडे मात्र मैला सुकवायच्या वाफ्यांवर छप्पर हवंच. चार महिने कोसळणाऱ्या पावसात उघड्यावर काय सुकणार, कप्पाळ!

जागेचा प्रश्न उरतोच. खाली खाडीकाठी प्लँट घातला तर सीआरझेड आणि भरतीचं पाणी. वर सड्यावर घातला तर सगळं पंपाने चढवायचं. आणि पावसात लाईट किती वेळा जाते, हे कोकणातल्या कुठल्याही होस्टेलाइटला विचारा. जनरेटरचं डिझेल आम्ही एस्टिमेटमध्ये धरलंय.