ड्रिल मशीन घेताना आधी भिंत पाहा



दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी शेल्फ, पडद्याचे रॉड, देवघर बसवायची कामे निघतात. पालक विचारतात, "सर, ड्रिल मशीन किती वॉटची घेऊ?" मी म्हणतो, वॉट नंतर, आधी भिंत पाहा.

१) भिंत कशाची? इंदूरच्या जुन्या घरांत विटा-चुन्याच्या भिंती असतात. नव्या फ्लॅटमध्ये कॉलम व बीम काँक्रीटचे असतात. लाकूड-लोखंडाला साधी ड्रिल पुरते. विटेसाठी मात्र हॅमरची सोय असलेली इम्पॅक्ट ड्रिल हवी. तिच्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे बिट फिरता फिरता ठोकेही मारते. काँक्रीटमध्ये तिने एखाददुसरे भोक पडते. बरीच पाडायची असतील तर रोटरी हॅमर भाड्याने आणावा. लाकूड-लोखंडावर हॅमर बंद ठेवावा.

२) किती वॉट? वॉट म्हणजे मशीन किती वीज घेते. बिटपर्यंत पोहोचणारी ताकद त्याहून कमी असते. घरकामाला ५०० ते ६०० वॉट पुष्कळ झाले. ६०० ला २३० व्होल्टने भागा, सुमारे २.६ अँपिअर येतात. म्हणजे घरातले ६ अँपिअरचे सॉकेट चालते.

३) आणखी काय पाहावे? १३ मि.मी.चा चक, वेग कमी-जास्त करणारे बटण, उलटे फिरण्याची सोय व साइड हँडल. कार्बन ब्रश झिजतात, म्हणून ते गावात मिळतात का हे विचारावे. वर्षातून चार वेळाच काम असेल तर वायरवाली मशीनच बरी. पडून राहिलेली बॅटरी खराब होते.

४) चौकोनात चौकोन. मशीनच्या पट्टीवर ही खूण असली तर दुहेरी इन्सुलेशन आहे असे समजावे. पण तेवढ्यावर विसंबू नये. हे मी अनुभवाने शिकलो.

काही वर्षांपूर्वी वडिलांचा फोटो लावण्यासाठी मी स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडायला घेतले. आतली वायर कापली गेली, ठिणगी उडाली, एमसीबी पडला. बिट वायरीला लागले की चकच्या धातूतही वीज येऊ शकते. चकला हात लावून मशीन सांभाळायची माझी सवय होती. त्या दिवशी सुदैवाने दोन्ही हात प्लॅस्टिकच्या हँडलवर होते, म्हणून वाचलो.

तेव्हापासून नियम केला : स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला भोक पाडायचे नाही. नळाच्या रेषेतही नाही. त्या खोलीची वीज बंद करून दुसऱ्या खोलीतून जोड घ्यायचा. डोळ्यांना चष्मा, पायात चप्पल, बाह्या सैल नकोत. बिट बदलताना प्लग काढायचा.

मुलांनो, मशीन मोठ्यांनीच चालवायची. तुम्ही टेपने माप घ्या, पेन्सिलने खूण करा. निम्मे काम तेच आहे.

स्वाध्याय :
१) आपल्या घरातील तीन भिंतींवर बोटाने टकटक करा व आवाजातील फरक लिहा.
२) ७५० वॉटची मशीन २३० व्होल्टवर किती अँपिअर घेईल?
३) स्विचबोर्डच्या वर भोक का पाडू नये, हे आईवडिलांना समजावून सांगा.

आपला,
मुख्याध्यापक