नागफणीचा कडा

भीमाशंकरला जाऊन आलेली माणसे गावोगाव भेटतात. दर्शन झाले, प्रसाद घेतला, की मंडळी परतीची एस. टी. गाठतात. देवळापासून सुमारे दोन किलोमीटरवर नागफणी नावाचा कडा आहे. तिकडे फार थोडे लोक जातात. आम्ही मात्र शाळेची मुले घेऊन गेलो आहोत, आणि प्रौढवर्गातल्या मंडळींनाही घेऊन गेलो आहोत. चालायला तास-दीड तास पुरतो. चढ फारसा नाही. पण पाहण्यासारखे इतके आहे, की आधी थोडे वाचून जावे हे बरे.

भीमाशंकर पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी धारेवर आहे. वाट दाट रानातून जाते. अंजनी, जांभूळ, हिरडा अशी झाडे दोन्ही बाजूंना आहेत. मध्येमध्ये कारवीचे रान लागते. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, हे आपणांस ठाऊक असेलच. हिरड्याची कोवळी फळे वाळवून त्यांचा बाळहिरडा होतो. तो औषधाला लागतो. इथल्या महादेव कोळी लोकांना त्यातून चार पैसे मिळतात. तेव्हा वाटेवरचे झाड कुणाचेच नाही असे समजून फांदी मोडू नये. ते कुणाचे तरी पोट आहे.

रानात हळू बोलावे. म्हणजे शेकरू दिसण्याचा संभव असतो. शेकरू म्हणजे मोठी खार. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत चांगली दोन हात भरते. पाठ तांबूस, पोट पिवळट, आणि शेपटी झुबकेदार. ती सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर वीस-वीस फूट उडी घेते. उंच फांद्यांवर काटक्यापानांचा मोठा गोळा दिसला, तर ते तिचे घरटे समजावे. मधली झाडे तुटली, की तिची वाट तुटते. मग तिला खाली उतरावे लागते, आणि खाली कुत्रे आहे, बिबट्या आहे. म्हणून सन 1985 मध्ये सरकारने इथे अभयारण्य केले. शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

चालता चालता रान एकदम संपते आणि समोर उघडा खडक येतो. वारा अंगावर येतो. खाली पाहावे तो सारे कोकण! शेते रुमालाएवढी दिसतात. कर्जतकडची गावे दिसतात, पदरगडाचा सुळका दिसतो. कड्याचा आकार नागाच्या फणीसारखा, म्हणून हे नाव पडले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळून तो रस वर आला, पसरला, थंड झाला. पुन्हा आला, पुन्हा पसरला. भाकरीवर भाकरी ठेवावी तसे थर बसले. काही थर कठीण, काही ठिसूळ. आपल्या घराच्या ओट्याखालची माती पागोळ्यांनी वाहून जाते आणि वरची फरशी अधांतरी राहते, हे आपण पाहिले आहे ना? कड्याचेही तसेच होते. ठिसूळ थर झिजतो, आणि कठीण थराची कड पुढे आलेली राहते. वर उभ्या असलेल्या माणसाला पायाखालची पोकळी दिसत नाही. त्याला वाटते, आपण भक्कम दगडावर उभे आहोत!

म्हणून कडेपासून चार पावले मागे राहावे आणि बसून पाहावे. बसून दरी कमी दिसत नाही. हातात फोन धरून मागे मागे सरकणाऱ्यांना तर आम्ही मोठ्याने हाक मारतो. त्यांना राग आला तरी चालेल.

दुसरे भय धुक्याचे. पावसाळ्यात कोकणातून ढग वर चढतो आणि पाच मिनिटांत हाताशी असलेला माणूस दिसेनासा होतो. एकदा असेच झाले. जवळच गुरे राखणारे एक म्हातारे बाबा होते. ते ओरडले, "गुरुजी, पोरांना खाली बसवा! कुणी पाय हलवू नका. धुकं आपल्याआपण जातंय." आम्ही सर्वांना बसवले. घटकाभराने धुके सरले. तेव्हा दिसले, की एक मुलगा रानाकडे तोंड आहे असे समजून दरीकडे तोंड करून बसला होता. त्या बाबांना एक अक्षर वाचता येत नव्हते, पण तो डोंगर ते पुरता वाचत होते. भर पावसात वनखाते कधी कधी अशा वाटा बंद ठेवते. तशी पाटी लागलेली असेल तर ती वाचून मागे फिरावे.

आता पाण्याची गंमत पाहा. कड्याच्या पश्चिमेला पडलेली सर दरीत उतरते, ओढ्यांतून उल्हास नदीला मिळते आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. आणि मागच्या बाजूला, पूर्वेच्या उतारावर पडलेली? तिची भीमा होते. भीमा उजनी धरण भरते, पंढरपुरास चंद्रभागा म्हणवते, आणि 861 किलोमीटर वाहून कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात कृष्णेला मिळते. कृष्णा ते पाणी बंगालच्या उपसागराला नेते. समुद्र डोंगराच्या पश्चिमेला इतका जवळ, आणि हे पाणी मात्र पाठ फिरवून हजार किलोमीटरांहून लांब चालले!

पाऊस घाटमाथ्यावर मोठा पडतो, कारण समुद्राचा ओला वारा डोंगराला अडून वर चढतो आणि गार होतो. पुढे दौंड-शिरूरकडे पोचेपर्यंत त्याची झोळी बरीच रिकामी झालेली असते. तिकडच्या शेतकऱ्याचा ऊस, पिण्याचे पाणी, सगळे या रानावर आहे. पाला कुजून झालेली भुसभुशीत माती पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. रान गेले, तर तेच पाणी दोन दिवसांत लोंढ्याने निघून जाते आणि बरोबर मातीही नेते.

येताना वाट तीच. भाकरी खायची तर खडकावर न बसता रानाच्या सावलीत बसावे. खडकावर माकडे फार धीट आहेत, भाकरी हातातून नेतात. परतीची शेवटची एस. टी. किती वाजता सुटते, ते मात्र निघण्यापूर्वीच वेळापत्रकावर स्वतः वाचून ठेवावे.