ही केबल कुठे जाते?

निकाल लागला की बडोद्यातल्या मराठी घरांत ‘कॉम्प्युटरला मिळेल ना?’ एवढाच घोर असतो. इलेक्ट्रिकल मिळालं तर मुलाचं तोंड उतरतं, आई-वडिलांचंही. बडोद्यात राहून असं वाटावं याचं नवल वाटतं. गुजरात ऊर्जा विकास निगमचं मुख्यालय याच शहरात आहे. राज्यभरातल्या विजेची मागणी आणि पुरवठा यांचा चोवीस तास मेळ घालणारं भार प्रेषण केंद्र गोत्रीला आहे. उपकेंद्रांतून येणारे आकडे तिथे नेटवर्कवरूनच पोचतात, आणि त्या नेटवर्कची आखणी हे एक उत्तम करिअर आहे.

ही आखणी म्हणजे काय, ते डेटा सेंटरच्या उदाहरणावरून बघू. तिथल्या सर्व्हरला साधारणपणे तीन वाटा लागतात. एक सार्वजनिक, जिच्यावरून बाहेरचे वापरकर्ते येतात. दुसरी खासगी, सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यातली. तिसरी फक्त देखभालीची; सर्व्हर अडकून पडला तरी तिच्यावरून तो दूर बसून पुन्हा सुरू करता येतो. एकाच स्विचवर व्हीलॅन, म्हणजे आभासी वेगळी नेटवर्क, करून या वाटा वेगळ्या ठेवता येतात. ते स्वस्त पडतं, पण स्विच बंद पडला की सगळ्याच वाटा बंद. म्हणून कुठे व्हीलॅन पुरेल आणि कुठे वेगळा स्विच, वेगळी केबल हवीच, हे ठरवण्यात इंजिनिअरचा कस लागतो.

वाटा नीट वेगळ्या नसल्या की काय होतं ते बघा. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीज कंपन्यांत ऑफिसच्या ईमेलमधून शिरलेले हल्लेखोर नियंत्रण यंत्रणेपर्यंत पोचले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ऑफिसचं आणि नियंत्रणाचं नेटवर्क वेगळं ठेवण्यावर भर आहे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं. मुख्य नेटवर्कबरोबर देखभालीची वेगळी वाटही बंद झाली होती, म्हणून इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये धाडावं लागलं.

शिकायचं कुठे? महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा १८९० च्या कलाभवनातून वाढली. डिप्लोमासाठी विद्यापीठाचंच पॉलिटेक्निक आहे. शाखा इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स की कॉम्प्युटर, यावर फार अडून बसू नका. वीज आणि नेटवर्क दोन्ही कळणारी मुलं कमीच असतात. महागड्या क्लासचे पैसे भरण्याआधी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे संगणकावर नेटवर्क मांडून बघायचं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घ्या. सिस्कोच्याच सीसीएनए या प्रमाणपत्र परीक्षेचं नंतर बघता येईल.

पालकांना खरी गोष्ट सांगायला हवी: सुरुवातीला रात्रपाळी चुकत नाही, आणि पहिली नोकरी गांधीनगरला किंवा नवी मुंबईत ऐरोली-महापेकडे मिळण्याची शक्यता जास्त.

मुलाला गोडी आहे का, हे सुट्टीतच कळेल. पॅकेट ट्रेसरमध्ये दोन ऑफिसं मांडायला सांगा. दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारेच पत्ते द्यायचे आणि मग ती एकमेकांना जोडायची. जोडणी अडेल. ती का अडली हे शोधताना तो जेवायला हाक मारूनही उठला नाही, तर इलेक्ट्रिकलचा फॉर्म बिनधास्त भरा.