उंचीमापकाची भाषा

विमान किती उंचीवर आहे, हे वैमानिकाला कसे कळते? एखादे यंत्र खालची जमीन पाहून अंतर मोजत असावे, अशी बहुतेकांची समजूत असते. तसे रेडिओ-उपकरण मोठ्या विमानांत असते खरे. परंतु ते जमिनीजवळच उपयोगी पडते. उड्डाणाचा इतर सर्व कारभार ज्या उंचीमापकावर चालतो, तो वस्तुतः एक वायुभारमापकच होय. त्यात धातूची एक निर्वात डबी असते. वर जावे तसा हवेचा भार कमी होतो, डबी किंचित फुगते आणि काटा फिरतो. तबकडीवर मात्र भाराऐवजी फुटांचे आकडे लिहिलेले असतात.

येथेच अडचणीचे मूळ आहे. हवेचा भार केवळ उंचीप्रमाणे नव्हे, तर ऋतूप्रमाणे आणि दिवसाप्रमाणेही बदलतो. दिल्लीचेच उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीच्या मानाने काढलेला तेथील वायुभार थंडीत बहुधा १०१५ मिलिबारच्या वर असतो. पावसाळ्यात तो हजारांच्याही खाली उतरतो. म्हणून उंचीमापकास एक लहान कळ जोडलेली असते. विमानतळाने कळविलेला त्या वेळचा भार वैमानिकाने तिच्या साहाय्याने लावावयाचा असतो.

समजा, जुलैच्या एका दिवशी दिल्लीचा भार ९९८ मिलिबार आहे आणि वैमानिकाच्या यंत्रावर १०१३ हा आकडा तसाच राहिला आहे. जमिनीलगतच्या हवेत एका मिलिबारचा फरक म्हणजे सुमारे २७ फूट. पंधरा मिलिबारचे झाले सुमारे ४०० फूट. दिल्लीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ७७७ फूट उंच आहे. पण चाके धावपट्टीस टेकतील तेव्हा हे यंत्र सुमारे १,१८० फूट दाखवील. ढगांतून वा धुळीतून उतरणारा वैमानिक समजेल की, अजून ४०० फूट हाताशी आहेत. थंडीत हीच चूक उलट दिशेने होते आणि विमान प्रत्यक्षात काट्यापेक्षा उंच असते. २०२२ च्या मे महिन्यात पॅरिसच्या विमानतळावर उतरणाऱ्या एका विमानास १००१ ऐवजी १०११ असा भार कळविला गेला. धावपट्टी अद्याप दूर असताना ते जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर आले आणि केवळ थोडक्यात बचावले.

मग प्रवासाच्या उंचीवर सर्व विमाने मुद्दाम १०१३ हाच आकडा का लावतात? गावातील सर्व घड्याळे सारखीच पाच मिनिटे मागे असली, तरी कोणाची भेट चुकत नाही. त्याचप्रमाणे सर्वांची चूक समान असली की, दोन विमानांतील अंतर कायम राहते.

परंतु या व्यवस्थेस एक अट आहे : नेमून दिलेला आकडा प्रत्येकाने पाळला पाहिजे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी संध्याकाळी ही अट मोडली. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ विमान १४,००० फुटांवर, तर दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्यूशिन-७६ विमान १५,००० फुटांवर राहावयाचे होते. कझाक विमान आपली पातळी सोडून खाली आले आणि हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन्ही विमानांची टक्कर झाली. ३४९ माणसे, म्हणजे दोन्ही विमानांतील सर्वच्या सर्व, मृत्यू पावली. येथे दोष कळ चुकीची लावण्याचा नव्हता. नियंत्रकाशी बोलणाऱ्या कझाक रेडिओचालकापुढे स्वतःचे उंचीमापक नव्हते. त्याला वैमानिकांच्या खांद्यांवरून काटा पाहावा लागे. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकाच्या पडद्यावरही विमानाची उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल तीच उंची खरी मानावी लागे.

न्यायमूर्ती र. चं. लाहोटी यांच्या आयोगाच्या चौकशीनंतर येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले, उंची दाखविणारे रडार कार्यान्वित झाले आणि टक्कर टाळणारे उपकरण विमानांत सक्तीचे झाले. हे उपकरण वैमानिकाने लावलेल्या आकड्यावर अवलंबून नसते, हे त्याचे मोठेच वैशिष्ट्य होय.

तरीही उतरण्यापूर्वी नियंत्रकाने आकडा सांगावा, वैमानिकाने तो पुन्हा म्हणून दाखवावा आणि दुसऱ्या वैमानिकाने आपल्या यंत्राशी ताडून पाहावा, ही जुनी शिस्त आजही सुटलेली नाही. उच्चारास काही क्षणच लागणाऱ्या त्या चार अंकांवर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात.