नातवाच्या पाठपिशवीतली बाटली

"बाटली माझी, पैसे माझे, आणि गुन्हेगार ठरलं पोरगं!"

धसईचे तात्या गोष्ट सांगायला लागले की सुरुवात इथूनच करतात. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, न्यू जर्सीतल्या मुलाने काढून दिलेली मायामीहून सुटणाऱ्या जहाजाची तिकिटं, ऐन वेळी माईंच्या गुडघ्याने खाल्लेली कच आणि त्यांच्या जागी आलेला वीस वर्षांचा नातू हे सगळं समोरच्याला ठाऊकच आहे, असं ते धरून चालतात. निम्म्या गावाला ते ठाऊक आहेही. तात्यांना सांगायचं असतं ते तपासणीच्या टेबलाबद्दल.

नाशिकच्या शिराझ वाइनच्या दोन बाटल्या त्यांनी धसईहून नेल्या होत्या. माईंच्या जुन्या सुती साडीचे दोन तुकडे करून, प्रत्येक बाटलीला वेगळं गुंडाळून. अमेरिकेत उतरताना २१ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लिटर दारू करमुक्त नेता येते. विमानात तात्या आणि माई दोघंही होते, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. जहाजाबद्दल एजंटाने पाठवलेल्या टिपणात त्यांनी वाचलं होतं: माणशी एक बाटली, ७५० मिलिलिटरची. माणसं दोन, बाटल्या दोन. चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलेल्या माणसाला एवढा हिशेब पुरे. एक बाटली स्वतःच्या हातपिशवीत गेली, दुसरी नातवाच्या पाठपिशवीत. म्हाताऱ्याने दोन्ही कशाला वागवायच्या?

मायामीच्या बंदरावर तपासणीचा पट्टा थांबला. गणवेशातल्या माणसाने पाठपिशवी उघडली, साडीची गुंडाळी सोडली आणि बाटली टेबलावर उभी केली.

"बॅग कोणाची?"

"माझी."

"वय?"

"वीस."

तात्या लगेच मध्ये पडले. बाटली आपली आहे, पोराने नुसती उचलली आहे, त्याचा काही संबंध नाही. त्या माणसाने तात्यांकडे मान वळवली नाही. नातवालाच म्हणाला, "तुझ्या आजोबांना नीट समजावून सांग." आणि बाटली शेजारच्या निळ्या पिंपात गेली. आत आधीच बऱ्याच असाव्यात. आवाज झाला तो काचेवर काच आपटल्याचा.

बाटली गेल्याचं दुःख तात्यांनी केव्हाच पचवलं. पचलेलं नाही ते "समजावून सांग". १ डिसेंबर २०१६ ला धसई हे रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं, राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार मुरबाड तालुक्यातल्या या बाजारगावात आले, बँक ऑफ बडोदाची कार्ड घासायची यंत्रं दुकानांत बसली आणि वाहिन्यांच्या गाड्या रांगेने उभ्या राहिल्या. त्या दिवसांत कॅमेऱ्यासमोर इंग्रजीतून उत्तरं देणाऱ्या दुकानदारांत तात्या होते. "आणि मला दुभाषा लागतो म्हणे!" हे वाक्य सांगताना दर वेळी त्यांचा आवाज चढतो.

खरा उलगडा मात्र टेबलापाशी झाला नाही. जहाजावर चढण्याच्या रांगेत नातवाने फोनवर मूळ नियम काढून दाखवला. "माणशी" असं त्यात कुठेच नव्हतं. होतं ते "२१ वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशामागे". एजंटाच्या टिपणात ते पाच शब्द गळले होते. तात्यांच्या मते चूक एजंटाची. नातवाच्या मते मूळ नियम वाचायचा होता. दोघांचंही खरं आहे, पण केबिनमधली माणसं मोजून बाटल्या भरल्या तात्यांनीच.

वयाचा हा घोळ एकट्या अमेरिकेतला नाही. हाच मुलगा मुरबाडला असता तर वाइनसाठी त्याला २१ पूर्ण व्हावी लागली असती आणि व्हिस्कीसाठी २५. गोव्यात तो १८ व्या वर्षीच मोकळा झाला असता. अमेरिकेत मतदान १८ व्या वर्षी करता येतं, सैन्यात जाता येतं, पण १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर दारूसाठीचं वय सगळ्या राज्यांनी २१ वर नेलं. न नेणाऱ्या राज्याचा महामार्गाचा निधी कापला जाणार होता. फ्लोरिडात तर २१ खालच्याने दारू जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, मग ती प्यायची असो वा आजोबांसाठी वाहायची. म्हणजे पोराला नुसतं सोडून दिलं, हे नशीबच. तात्या हे मान्य करतात, पण आवाज बारीक करून.

दुसरी, कायदेशीर बाटली घेऊन ते पहिल्या रात्री जेवणघरात गेले. वाढपी निघाला मडगावचा. जगभरच्या जहाजांवर गोव्याची पोरं पिढ्यान्‌पिढ्या कामाला आहेत, त्यामुळे योग विरळा नाही, पण तात्यांना देव भेटल्यासारखं झालं. त्याने कोंकणी-मराठीत सांगितलं ते असं: बाटली इथे उघडली तर उघडणावळ पडेल, स्वतःच्या केबिनमध्ये प्यायलात तर काही नाही. आणि हळूच, वाकून: "तात्या, तुमच्या ग्लासातला घोट बाबाला देऊ नका हां. त्याच्या कार्डावर जन्मतारीख आहे. कोणी बघितलं तर पुढच्या बंदरावर दोघांनाही उतरवतील."

तात्यांना सगळ्यांत लागलं ते हे. जहाजावरही रोकड चालत नाही, सगळं कार्डावर. धसईकराला त्याचं काय कौतुक! पण ते कार्ड आपलं वय चारचौघांत सांगत फिरतं, हे त्यांच्या यंत्राला कधी जमलं नव्हतं.

आता विचारणाऱ्याला, आणि न विचारणाऱ्यालाही, तात्या जे सांगतात त्यात सोनं आणि माती दोन्ही आहे. सोनं आधी. बाटल्या मोजायच्या त्या नियमात बसणाऱ्या वयाच्या माणसांवर, केबिनमधल्या खाटांवर नव्हे. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियनच्या अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर २१ वरच्या प्रवाशामागे ७५० मिलिलिटरची एकच बाटली, तीही चढायच्या दिवशी. डिस्नेच्या जहाजांवर दोन. रॉयल कॅरिबियनचंच जहाज सिंगापूरहून सुटलं तर तिथे वय १८ धरतात, म्हणून बंदर बदललं की नियम नव्याने वाचायचा. वाइन हातातल्या सामानातच ठेवायची. मोठ्या बॅगेत घातली तर बॅग खाली अडकून पडते. आणि कमी वयाच्या सोबत्याच्या पिशवीत चुकूनही नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

आणखी एक, जे एजंट सांगत नाहीत: बऱ्याच कंपन्या २१ खालच्या पोराला एकट्याला केबिन देत नाहीत. सोबत २१ वरचा माणूस लागतो, काही ठिकाणी २५ वरचा. तो माणूस म्हणजे आपण, आणि पोराच्या नावाने काही झालं तर जाब द्यायचा तोही आपणच.

देशातल्या सफरीला जाणाऱ्यांना तात्या लक्षद्वीपची आठवण करून देतात. बंगारमचं बेट सोडलं तर तिथे दारूबंदी आहे. गोव्याहून रस्त्याने बाटल्या घेऊन येणाऱ्यांना बांद्याजवळच्या इन्सुली नाक्याची. तिथे उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात, आणि महाराष्ट्राचा परवाना नसलेल्या गोव्याच्या दारूपायी गाडीही जप्त होते.

माती म्हणजे "गणवेशातल्या माणसावर विश्वास ठेवू नका", "एजंट सगळे सारखेच" आणि "हल्लीच्या पोरांना खोटं बोलता येत नाही". शेवटचं ते तक्रार म्हणून सांगतात की अभिमानाने, हे कळायला मार्ग नाही.

दुसरी बाटली जहाजावर उघडलीच नाही. उघडणावळ तत्त्वात बसत नव्हती, आणि केबिनमध्ये नातवासमोर एकट्याने प्यायला मन होईना. परत येताना ती पुन्हा साडीच्या तुकड्यात गुंडाळली गेली आणि मुंबई विमानतळावर उतरली. दोन लिटरपर्यंत मुभा असल्याने तिथे कोणी हटकलं नाही; एका अधिकाऱ्याने फक्त विचारलं, नाशिकची वाइन अमेरिकेहून का आणताय?

आता ती धसईच्या दुकानात मागच्या फळीवर, बंद पडलेल्या स्वाइप यंत्राच्या शेजारी आडवी ठेवलेली आहे. नातू मे महिन्यात यायचा आहे, आणि तोवर त्याला एकविसावं पूर्ण होईल. दारू पिण्याच्या परवान्याचा अर्ज कुठे मिळतो, हे तात्यांनी मुरबाडला जाऊन विचारून ठेवलंय. दोन अर्ज आणलेत. माईंनी विचारलं, तिसरा का नाही आणला?