जुन्या चाकूचा जीर्णोद्धार

कलमे बांधण्यास नवा चकचकीत चाकूच पाहिजे, असा समज पुष्कळ बागाइतदारांत आढळतो. आमचे मत निराळे आहे. आठवड्याच्या बाजारातील मोडीच्या ढिगात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा घरच्या पेटीत पडलेला गंजका मिटता चाकू कित्येकदा त्याहून सरस निघतो. न गंजणारे पोलाद शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली काढिले. त्यापूर्वीची पाती साध्या पोलादाची, म्हणून ती गंजतात. परंतु निसण्यावर त्यांस धार लवकर चढते. सबब गंज पाहून वस्तु टाकू नये.

घेताना पात्याच्या बुडाशी शिक्का असतो तो पाहावा. शेफील्डच्याच जोसेफ रॉजर्स यांचा तारा व माल्टीज क्रूस प्रसिद्ध आहे. पण त्याच्या नकलाही पुष्कळ झाल्या. (सारा जन्म शिक्क्यांचे कागद हाताळण्यात गेल्यामुळे आम्हांस याचे नवल वाटत नाही.) तेव्हा शिक्क्यापेक्षा पाते तपासावे. वरवरचा तांबूस गंज निघतो. धारेपाशी खोल खड्डे पडले असल्यास तो चाकू सोडून द्यावा. कमान शाबूत असली म्हणजे पाते मिटताना टक् असा आवाज होतो.

अडकलेले पाते पकडीने ओढू नये. सांध्यात घासलेट सोडून दोन दिवस ठेवावे व मग हळूहळू उघडझाप करावी. उकळते पाणी वर्ज्य. त्याने शिंगाची मूठ वाकते. गंज बारीक तारेच्या घासणीने काढावा. काळसर डाग राहिले तर राहू द्यावे. आरशासारखे चकाकविण्याच्या नादात पाते झिजते व शिक्काही जातो.

खरी हानि धार लावताना होते. कोरड्या फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. तिजवर निळी झाक आली म्हणजे उष्णता सुमारे ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत गेली व पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. थंड पाण्यात बुडवून ते परत येत नाही, आणि असा चाकू थोड्याच कलमांत बोथट होतो. बोथट चाकूने साल चुरगळते, काप सपाट येत नाही, खुंट व डोळकाडी यांच्या सालीखालचे थर एकमेकांस भिडत नाहीत. कलम वाळते व हंगाम हातचा जातो. यास्तव निसण्यावर तेल किंवा पाणी घालून हातानेच धार लावावी. खास कलमाच्या चाकूची धार बहुधा एकाच बाजूस उतरती असते. त्याची दुसरी बाजू दगडावर सपाट टेकवून केवळ कड मोडावी.

काम संपताच पात्यावरील चीक पुसून, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नये; चामडे ओल धरते.